गल दचकण्यावरून निकाल देतो? (चार्ल्स ब्राव्हो, १८७६)

जुनीवही : काल इथे एकाने लिहिलं, "ब्राव्होला शेवटी तपासणारे नामांकित डॉक्टर सर विल्यम गल आत्महत्या म्हणाले, विषय संपला." कसा संपला? ब्राव्हो तिशीतला बॅरिस्टर, राहणार बॅलहॅम, लंडन. १८ एप्रिलच्या रात्री बायकोला 'फ्लोरेन्स, गरम पाणी!' ओरडत खोलीबाहेर येतो, खिडकीतून ओकतो, २१ला जातो. ती ओकारी खालच्या पत्र्यावर पडलेली. मध्ये पाऊस होऊन गेला, तरी जे उरलं ते गोळा करून तपासायला प्रोफेसर रेडवुडकडे दिलं, त्यात अँटिमनी हे विष निघालं. ही झाली साक्ष! गलची साक्ष काय, तर "विषबाधा झालीय" सांगितल्यावर रोगी दचकला नाही, म्हणजे विष स्वतःच घेतलं. दोन दिवस ओकून अर्धमेला झालेला माणूस दचकेल कुठून?

तिरफळ : रोग्याचा चेहरा वाचणं ही निम्मी डॉक्टरकी आहे. हा आजार नाही, विष आहे, हे गलने तोंडावर सांगितलं. ब्राव्हो काय म्हणाला? हिरड्यांना लॉडनम (अफूचा अर्क) चोळलं, बाकी काही नाही. कुणावर संशय असता तर बोललाच असता. शिवाय फ्लोरेन्सच्या सोबतीण कॉक्सबाईंना तो स्वतःच म्हणाला होता, विष घेतलंय.

जुनीवही : असं कॉक्सबाई सांगतात! मृत्यूच्या दुसऱ्या चौकशीत त्यांनी त्याच वाक्याला "डॉ. गलीसाठी" जोडलं. हे गली वेगळे, गल नव्हेत. बायकोचा जुना प्रियकर बरा आठवला!

मुलुंडकर : चेहरा वाचण्याचं नाव काढू नका. माझे काका शेतावरून आले, जेवले, तासाभरात गेले. डॉक्टरने लांबूनच बघून काकूंना विचारलं, "घरात भांडण होतं का?" ते वाक्य पंचनाम्याआधी गावभर झालं. व्हिसेराचा (तपासणीला काढलेल्या आतल्या अवयवांचा) रिपोर्ट चौदा महिन्यांनी आला, विष नाही. तोवर भावकीतलं कुणी काकूंच्या हातचा चहा घेत नव्हतं.

तिरफळ : वाईट झालं. पण चौदा महिने डॉक्टरच्या माथी मारू नका. अकरा वर्षं पीएम (शवविच्छेदन) केलेत मी. व्हिसेरा मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून बरण्या भरायच्या, सील करायच्या, पोलिसांच्या हवाली करायच्या. त्या कधी पोचतात, लॅबमध्ये किती दिवस पडून राहतात, ते आमच्या हातात नसतं. नातेवाईक मात्र आमचीच कॉलर धरतात. माझी धरलीय!

मुलुंडकर : बरणीबद्दल कोण बोलतंय? मी त्या प्रश्नाबद्दल बोलतोय! भांडण होतं का हे बरणीत दिसतं?

जुनीवही : माझंही तेच म्हणणं. पोटात काय सापडलं ते सांगा, मनातलं राहू द्या. ब्राव्होच्या दुसऱ्या चौकशीत ज्यूरीने तेवीस दिवस ऐकलं आणि खून ठरवला. कुणी केला ते सांगायला पुरावा पुरेसा नाही, एवढंच म्हणाले. गलचं काही त्यांनी मानलं नाही.

तिरफळ : ठीक. दचकण्यावरून आत्महत्या ठरवणं चूक, मानते. पण विष आहे हे त्याने बरोबर ओळखलं, आणि त्याला बोलावलं होतं खुद्द फ्लोरेन्सने. हेही लिहा.

जुनीवही : लिहिलं.

मुलुंडकर : रिपोर्ट आला त्या दिवशी काकूंनी तो वाचलाच नाही. मला म्हणाल्या, आधी तुझ्या आत्याला दाखव.