किब्बर ते त्सो मोरिरी पदभ्रमण : सोळा दिवसांच्या रजेत हा आराखडा बसतो का?

धरमपेठकर

नमस्कार. माझे वय ४७ असून मी नागपुरात एका कार्यालयात नोकरी करतो. यापूर्वी हर की दून आणि हामता खिंड असे दोन पदभ्रमण झाले आहेत आणि दोन्ही वेळी डोके किंचित दुखण्यापलीकडे काही त्रास झाला नाही. येत्या ऑगस्टच्या उत्तरार्धात स्पितीतील किब्बर गावातून निघून पारांग ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून लडाखमधील त्सो मोरिरी सरोवरापर्यंत चालत जाण्याचा विचार आहे. स्पिती आणि लडाखचे चांगथांग पठार यांच्यामधला हा जुना व्यापारी मार्ग अनेक वर्षांपासून मनात घर करून आहे.

एका पदभ्रमण संस्थेने पाठवलेला आराखडा असा आहे : पहिल्या दिवशी सायंकाळी नागपूरहून रेल्वे, दुसऱ्या दिवशी दिल्लीहून रात्रीची बस, तिसऱ्या दिवशी मनाली, चौथ्या दिवशी गाडीने थेट काझा, पाचव्या दिवशी किब्बर, सहाव्या दिवशी थलटक, सातव्या दिवशी बोरोचन, आठव्या दिवशी खिंड ओलांडून खारसा गोंगमा, त्यानंतर चार दिवस पारे चू नदीच्या काठाने आणि सरोवराच्या कडेने कोरझोक, तेराव्या दिवशी लेह, चौदाव्या दिवशी तेथे विश्रांती आणि सोळाव्या दिवशी नागपूर.

रोज पहाटे सेमिनरी हिल्सच्या चढावर पाठीवर आठ किलो वजन घेऊन दीड तास चालतो. रक्तदाबाची एक गोळी सुरू आहे आणि रक्तदाब नियंत्रणात आहे. माझी तयारी पुरेशी आहे का, आणि आराखड्यात काही उणीव दिसते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपुड्याचा वाटसरू

पारांग ला मी एकदा ओलांडली आहे, तीही दुसऱ्या प्रयत्नात. तुमच्या पायांविषयी मला शंका नाही. शंका आहे ती या आराखड्यातील चौथ्या ते आठव्या दिवसांविषयी.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि काझा सुमारे ३,६५० मीटरवर. वाटेत कुंझुम खिंडीत तुम्ही ४,५०० मीटरच्याही वर जाता. म्हणजे एका रात्रीच्या अंतराने झोपण्याची उंची १,६०० मीटरने वाढते. दुसऱ्या दिवशी किब्बर, म्हणजे ४,२०० मीटर. तिसऱ्या दिवशी थलटक, म्हणजे साधारण ४,७००. चौथ्या दिवशी ५,००० च्याही वर बोरोचनचा मुक्काम आणि पाचव्या दिवशी सुमारे ५,५८० मीटरची खिंड. तुम्ही पूर्वी केलेली हामता खिंड ४,२७० मीटरची आहे. तेथे खिंडीवर जेवढी उंची होती, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर येथे पदभ्रमण सुरू होण्याआधी झोपायचे आहे, ही गोष्ट आराखड्याच्या सुबक तक्त्यात दिसत नाही.

पण माझ्या मते खरी अडचण याहून वेगळी आहे, आणि ती मला स्वतःला माघारी वळावे लागले तेव्हाच उमगली. विरळ हवेचा त्रास झाला की खाली उतरा, हे आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. पारांग लाच्या दक्षिणेला हा उपाय चालतो, कारण बोरोचनहून किब्बर आणि किब्बरहून गाडीने काझा गाठता येते. खिंड ओलांडून उत्तरेकडील हिमनदीवर उतरलात की मात्र ‘खाली’ नावाची जागाच उरत नाही. खारसा गोंगमा ५,००० मीटरच्या आसपास आहे, पारे चूचे खोरे अतिशय मंद उताराचे आहे आणि चार दिवस चालून ज्या त्सो मोरिरीला पोहोचायचे ते सरोवरही ४,५२२ मीटरवर आहे. नदी तर पुढे तिबेटमध्ये शिरते आणि सुमदोजवळ पुन्हा भारतात येऊन स्पितीला मिळते, त्यामुळे तिच्याबरोबर खाली उतरत जाण्याचा मार्ग आपल्यासाठी बंदच आहे. हामता किंवा रूपिनसारख्या मार्गांवर खिंड ओलांडली की सुटका झाली असे वाटते आणि ते बरोबरही असते. येथे खिंड ओलांडणे म्हणजे परतीचा दरवाजा मागे लावून घेणे आहे.

म्हणून बोरोचनच्या मुक्कामी, दुसऱ्या दिवशी पुढे जायचे की नाही, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे सांगण्याची पद्धत आमच्या गटप्रमुखाने ठेवली होती. पहिल्या खेपेला तेथे माझी भूक पूर्ण गेली होती आणि रात्रभर डोके ठणकत होते. त्या वेळच्या संस्थेच्या माणसाने ‘सकाळी बरे वाटेल’ असे सांगितले. सकाळी बरे वाटले नाही. घोडेवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि कोणाला न विचारता माझी सॅक परतीच्या घोड्यावर बांधली. त्याचा तेव्हा फार राग आला होता.

तुमच्या आराखड्यात लेहमधील विश्रांतीचा दिवस शेवटी ठेवला आहे. आठ दिवस ४,००० मीटरच्या वर काढल्यावर त्या विश्रांतीचा शरीराला काहीही उपयोग नाही. तो बाजारात फिरण्याचा दिवस आहे. तो उचलून किब्बरला ठेवा. शक्य असल्यास मनालीऐवजी किन्नौरमार्गे जा. कल्पा, मग सुमारे ३,२८० मीटरवरील ताबो, मग काझा, असे टप्प्याटप्प्याने चढता येते आणि ताबोला इ. स. ९९६ मध्ये स्थापन झालेला मठ पाहून होतो, हा वेगळा लाभ. प्रवास लांबतो, हे मान्य.

मेडिकल चौकातील डॉक्टर

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात थोडी वैद्यकीय भर घालतो. हा सर्वसाधारण माहितीचा भाग आहे. आपल्या प्रकृतीविषयीचा निर्णय आपल्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करावा.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण नागपुरातही सुमारे २१ टक्के असते आणि पारांग लावरही तेवढेच असते. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर राहणाऱ्या आपल्याला जवळजवळ पूर्ण दाबाची सवय असते, आणि ५,५०० मीटरच्या आसपास तो निम्म्यावर येतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. श्वसनाचा वेग वाढवून आणि मूत्रपिंडांद्वारे रक्ताचे रासायनिक संतुलन बदलून शरीर याच्याशी जुळवून घेते, परंतु त्याला दिवस लागतात आणि व्यायामाने ते दिवस कमी होत नाहीत. उत्तम धावणारा तरुण आडवा होतो आणि त्याच्यामागून रमतगमत येणारे काका ठणठणीत राहतात, असे वारंवार घडते. तंदुरुस्त माणूस भरभर चढतो, एवढाच काय तो फरक आणि तोच त्याला नडतो.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा सर्वमान्य संकेत आहे. आपला आराखडा मनाली-काझा या एकाच दिवशी तो मोडतो, आणि पुढे कोठेही थांबत नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही सुरुवातीची लक्षणे होत. ती असताना वर जायचे नाही, एवढा नियम पाळला तरी बहुतेक अनर्थ टळतात. विश्रांती घेतानाही धाप लागणे, खोकला वाढणे, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येणे हे फुफ्फुसांत पाणी साचल्याचे लक्षण आहे. बोलण्यात गोंधळ होणे किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचे बोट लावत सरळ रेषेत चालता न येणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण आहे. या दोन्ही अवस्थांत रात्र असली तरी उतरवावे लागते, सकाळची वाट पाहायची नसते. बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर जरूर न्या, पण त्याच्या आकड्यापेक्षा माणसाकडे पाहा. थंड बोटांवर ते भलतेच आकडे दाखवते.

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, प्रतिबंधासाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले जाते. त्याने जुळवून घेण्याची प्रक्रिया वेग घेते, लक्षणे केवळ झाकली जात नाहीत. मात्र सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते टाळावे लागू शकते. आपली रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणाऱ्या प्रकारातील असेल, तर दोन्ही मिळून शरीरातील पाणी आणि पोटॅशियम कमी होण्याची शक्यता असते, म्हणून हा प्रश्न आधीच विचारून घ्या. नियंत्रणातील रक्तदाब हा स्वतःहून अडथळा नाही, परंतु उंचीवर पहिले काही दिवस तो वाढू शकतो. निघण्यापूर्वी डायमॉक्सच्या एक-दोन मात्रा घरीच घेऊन पाहाव्यात. बोटांना मुंग्या येणे हा तिचा नेहमीचा परिणाम आहे आणि तो प्रथमच थलटकच्या तंबूत जाणवला तर माणूस उगाच घाबरतो.

धरमपेठकर

दोघांचे मनःपूर्वक आभार. संस्थेला दूरध्वनी करून किब्बरला एक दिवस वाढवण्याविषयी विचारले असता ‘आमचे सर्व गट याच वेळापत्रकाने जातात’ असे उत्तर मिळाले. किन्नौरमार्गे जायचे आणि वाटेत दोन दिवस थांबायचे, तर माझ्या हिशेबाने एकूण २० दिवस लागतात. मिळालेली रजा १६ दिवसांची आहे. नदीविषयी कोणी काही लिहिले नाही. पारे चू ओलांडणे कितपत कठीण आहे?

वैनगंगा

नदीविषयी मी लिहिते. आमच्या गटाला खिंडीपेक्षा नदीनेच अधिक दमवले होते.

वाटेतील नोर्बु सुमदोजवळ (वर आलेले सुमदो वेगळे) पात्र रुंद आहे आणि पाणी अनेक प्रवाहांत विभागलेले असते. हे पाणी हिमनद्यांच्या वितळण्यातून येते, त्यामुळे सकाळी गुडघ्याएवढे असलेले पाणी दुपारनंतर मांडीपर्यंत चढते आणि ओढ वाढते. आदल्या दिवशी अलीकडच्या काठावर मुक्काम करून पहाटे पार व्हावे, असे घोडेवाले सांगतात. वेळापत्रक घट्ट असले की मात्र दुपारी तीन वाजता ‘आजच ओलांडून टाकू’ असा मोह होतो. अनवाणी जाऊ नका. तळाचे गोटे दिसत नाहीत आणि पाणी इतके थंड असते की अर्ध्या मिनिटात पाय आपले राहत नाहीत. जुने बूट किंवा पट्ट्यांच्या सँडल वेगळ्या ठेवा, सॅकचा कमरपट्टा सोडा, हातात काठी धरा आणि एकमेकांचे हात धरून प्रवाहाला तिरके जा. या नदीची ताकद लहान समजू नये. २००४ मध्ये तिबेटच्या हद्दीत दरड कोसळून तिच्यावर तलाव तयार झाला होता आणि जून २००५ मध्ये तो फुटल्यावर सतलजच्या खोऱ्यापर्यंत पूर आला होता.

किब्बर सोडल्यापासून कोरझोकपर्यंत भ्रमणध्वनीचा भरवसा धरू नका. उपग्रहाशी संपर्क साधणारी उपकरणे विनापरवाना बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे, म्हणून परदेशातील भावाकडून मागवण्याच्या भानगडीत पडू नये (आमच्या गटातील एकाने तो विचार केला होता). म्हणजे मदत मागायची झाली तर कोणीतरी चालत किंवा घोड्यावरून जाऊन सांगायचे, एवढाच मार्ग उरतो.

आता रजेविषयी स्पष्ट लिहिते. १६ दिवसांत हा मार्ग बसवण्याचा प्रयत्न करू नये. पिन पार्वतीचे नाव कोणी सुचवेल, परंतु ५,३१९ मीटरच्या त्या खिंडीवर हिमभेगांची हिमनदी आहे आणि दिवसही तितकेच लागतात. त्याऐवजी यंदा भाबा खिंड करा. किन्नौरमधील काफनू सुमारे २,४०० मीटरवर आहे. तेथून मुलिंग, कारा आणि फुतसिरांग असे मुक्काम करत उंची हळूहळू वाढते, सुमारे ४,९०० मीटरची खिंड ओलांडली की पिन खोऱ्यात उतरून मुद गाव गाठता येते. वर वाटसरूंनी जो परतीच्या दरवाजाचा मुद्दा मांडला, तो येथे लागू होत नाही, कारण दोन्ही बाजूंना खरोखरच उतार आहे. एका दिवसात हिरव्या कुरणांतून करड्या-तांबड्या कोरड्या डोंगरांत उतरणे हा अनुभवही लहान नाही. राखीव दोन दिवस धरूनही हे १६ दिवसांत बसते. ते दोन दिवस मात्र खरोखरच राखीव असू द्या. जुलै २०२३ मध्ये कुल्लू आणि मंडीकडील रस्ते पुराने जागोजागी वाहून गेले होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

तयारीविषयी एकच सूचना. सेमिनरी हिल्स दम वाढवण्यासाठी ठीक आहे, पण उतरण्याचा सराव तेथे होत नाही आणि गुडघे जातात ते उतारावर. पचमढीला जाऊन चौरागडाच्या पायऱ्या वजन घेऊन दोनदा चढा-उतरा. आपल्याकडील गावोगावचे लोक महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन तो गड चढतात, त्यांना कोणी वेळापत्रक देत नाही. तामियाजवळ पाताळकोटातही उतरून वर येता येते. आणि एक किलो भाजके फुटाणे आणि गूळ बरोबर ठेवा. सावजी रश्श्यावर वाढलेल्या माणसालाही ४,५०० मीटरवर वरणभात नकोसा होतो, पण फुटाणे तोंडात टाकले जातात.

सातपुड्याचा वाटसरू

भाबाची सूचना योग्य आहे. मुदहून काझा फार दूर नाही. एक राखीव दिवस उरलाच, तर किब्बरला जा आणि तेथील घोडेवाल्यांशी स्वतः बोला. पारांग लासाठी जनावरे आणि माणसे तेच देतात, आणि खिंडीवर त्या वर्षी बर्फ किती आहे हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही. वाढीव दिवसांचे पैसे द्यायची तयारी असेल, तर किब्बरला आणि थलटकला प्रत्येकी एक दिवस थांबण्यास त्यांची हरकत नसते. उलट घोड्यांना चरायला मिळते म्हणून ते खूशच असतात.

धरमपेठकर

आज संस्थेला नकार कळवला. आगाऊ भरलेल्या रकमेपैकी काही परत मिळणार नाही, असे दिसते. यंदा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काफनूहून निघून भाबा खिंडीने मुद, आणि तेथून किब्बर. पारांग लासाठी पुढील वर्षी २० दिवसांची अर्जित रजा साठवणार आहे. डॉक्टरांना विचारून पाहिले, माझी गोळी लघवी वाढवणाऱ्या प्रकारातीलच निघाली. ती बदलून देऊन एक महिन्याने पुन्हा तपासायला बोलावले आहे.

येत्या शनिवारी रात्री गाडीने पचमढीला निघून रविवारी पहाटे चौरागड चढण्याचा बेत आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोणास यायचे असल्यास शुक्रवारपर्यंत येथेच कळवावे.

वैनगंगा

एक जागा माझी धरावी. पाठीवर वजन म्हणून पुस्तके भरू नका, पाण्याच्या बाटल्या भरा. उतरताना गुडघा कुरकुरू लागला तर ओतून टाकता येतात.