जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवरील पुस्तकांवर किती विसंबावे?

पाचपाखाडीची_बीएसए

नमस्कार मंडळी. आमच्याकडे ठाण्यात आजोबांची बीएसए बी३१ ही ब्रिटिश मोटारसायकल आहे. ३४८ सीसी, एक सिलिंडर, पुढे टेलिस्कोपिक फोर्क आणि मागे प्लंजर, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या स्प्रिंगा. आजोबांनी ती १९५८ मध्ये वापरलेली घेतली होती आणि आरसी पुस्तकावर निर्मितीचे साल १९५२ आहे. बरीच वर्षे ती जिन्याखाली ताडपत्रीत उभी होती. खाडीच्या खाऱ्या हवेने मडगार्ड पोखरले आहेत, पण इंजिन हाताने फिरते. दिवाळीपासून बाबा आणि मी ती सुटी करीत आहोत.

माझी अडचण पुस्तकांची आहे. माझ्याजवळ कारखान्याच्या सूचनापुस्तिकेची झेरॉक्स आणि अलीकडच्या काळात छापलेली तीन जाड, रंगीत पुस्तके आहेत. त्यांपैकी एकात १९५२ च्या बी३१ ची टाकी क्रोमची आहे, तर दुसऱ्यात पूर्णपणे रंगवलेली आहे. एकात बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडले आहे, दुसऱ्यात धन टोक. तिसऱ्या पुस्तकात तर ‘इंजिन आणि सांगाड्याचे क्रमांक जुळत नसतील तर गाडी जोडतोडीची समजावी’ असे ठाम वाक्य आहे आणि आमचे क्रमांक जुळत नाहीत. हे वाचल्यापासून बाबा फार अस्वस्थ आहेत, कारण आजोबांनी इंजिन कधी बदलल्याचे त्यांना आठवत नाही.

वागळे इस्टेटमधील क्रोमवाल्याकडे टाकी पोचली आहे आणि ‘ताई, बफिंगला घेऊ का?’ असे तो रोज विचारतो. यांतले कोणते पुस्तक प्रमाण मानावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तुर्भे_मॅग्नेटो

ताई, सर्वांत आधी क्रोमवाल्याला फोन करून टाकी तशीच ठेवायला सांगा. बफिंगचे चाक एकदा फिरले की टाकीवरचा सगळा पुरावा उडून जाईल, आणि तो कोणत्याही पुस्तकातून परत मिळणार नाही.

आता पुस्तकांविषयी. एखादे पुस्तक संपूर्ण विश्वासार्ह किंवा संपूर्ण टाकाऊ असते असे मला आढळलेले नाही. ते कोणत्या प्रश्नासाठी उघडायचे, हे आधी ठरवावे लागते. क्लिअरन्स, टायमिंग, तेलाचे प्रमाण या बाबतींत कारखान्याची पुस्तिका आणि सर्व्हिस शीट यांनाच मी प्रमाण मानतो, कारण ती गाडी दुरुस्त करणाऱ्या डीलरसाठी लिहिली गेली होती आणि त्यांतली चूक लगेच अंगाशी आली असती. मात्र त्यांतील गॅलन हा ब्रिटिश, म्हणजे ४.५४६ लिटरचा आहे, आणि पिंट ५६८ मिलिलिटरचा. काही नव्या पुस्तकांत अमेरिकी मापाने लिटर काढलेले मी पाहिले आहेत. रंग, क्रोम आणि पट्ट्यांच्या बाबतीत मात्र कारखान्याच्या माहितीपत्रकावरही डोळे मिटून विसंबू नये, कारण त्यांतील चित्रे अनेकदा हंगामापूर्वीच्या नमुन्यावरून काढलेली आणि हाताने सजवलेली असत.

टाकीबद्दल दोन्ही पुस्तके आपापल्या जागी खरी असू शकतात. क्रोमच्या पातळ थराखाली निकेलचा थर द्यावा लागतो, आणि कोरियातील युद्धाच्या काळात निकेलची टंचाई झाल्यामुळे १९५२ च्या सुमारास ब्रिटिश कारखान्यांना शोभेच्या क्रोमवर काट मारावी लागली. टाक्या आणि रिमा रंगवून गाड्या बाहेर पडल्या. त्यात आणखी एक गुंता आहे. ब्रिटिश मोटारसायकलींचे ‘वर्ष’ जानेवारीत सुरू होत नसे. नवी मॉडेले शरद ऋतूत, लंडनच्या प्रदर्शनाच्या आगेमागे जाहीर होत, त्यामुळे ऑक्टोबर १९५२ मध्ये तयार झालेली गाडी १९५३ चे मॉडेल ठरे. उलट १९५१ मध्ये बनून बोटीने मुंबईला आलेल्या आणि इथे १९५२ मध्ये नोंदलेल्या गाडीच्या आरसीवर १९५२ हेच साल चढलेले असू शकते. आपले साल नेमके काय आहे हे कळल्याशिवाय पुस्तकांचे भांडण मिटणार नाही.

त्यासाठी ल्युकास कंपनीचा मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा) आणि डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा) साफ करून बघा. त्यांच्या अंगावर ठोकलेले लहान आकडे महिना आणि वर्ष दाखवतात. वायर ब्रशने घासू नका, रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. टाकीच्या बाजूचे गुडघ्याचे रबर काढून त्याखालचा पत्राही तपासा. तिथे पुढच्या रंगाऱ्यांचा हात सहसा पोचत नाही.

रंगीत पुस्तकांतील छायाचित्रे पारखण्याची माझी एक सवय सांगतो. मी प्रथम कार्बोरेटर पाहतो. १९५२ च्या गाडीवरील अमल कंपनीच्या कार्बोरेटरला पेट्रोलची फ्लोट चेंबर वेगळी, बाजूला लटकवल्यासारखी असते; ती मुख्य भागातच ओतलेला मोनोब्लॉक १९५४-५५ च्या सुमारास आला. चित्राखाली १९५२ लिहिले असेल आणि गाडीवर मोनोब्लॉक दिसत असेल, तर ती गाडी नंतर कोणीतरी बदललेली आहे हे उघड आहे, आणि मग तिच्या टाकीच्या रंगाचा पुरावाही मी मानत नाही. दुर्दैवाने अशी एक गाडी एका पुस्तकात छापली गेली की पुढची पुस्तके तिचीच नक्कल करतात, आणि चार पुस्तकांत तेच दिसल्यामुळे आपल्याला ते चार साक्षीदार वाटतात.

बॅटरीबाबत चिंता नको. ल्युकासने पन्नाशीच्या सुरुवातीला ऋण टोकाऐवजी धन टोक सांगाड्याला जोडण्याची पद्धत स्वीकारली आणि आपली गाडी त्या उंबरठ्यावरची आहे. आपल्या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोतून येते, बॅटरीवर अवलंबून नाही. डायनॅमो हव्या त्या दिशेने फ्लॅश करून, म्हणजे क्षणभर बॅटरी जोडून त्याची धन-ऋण दिशा ठरवून, घेता येतो. सर्व जोडणी एकाच पद्धतीची ठेवा म्हणजे झाले.

वागळे_लेथ

तुर्भेकरांनी नट-बोल्टच्या आट्यांचा विषय सोडला आहे, म्हणून लिहितो. ‘ब्रिटिश गाडी म्हणजे व्हिटवर्थ’ (आट्यांचे जुने ब्रिटिश इंची माप) असे सर्वसाधारण पुस्तकांत सर्रास छापलेले असते आणि त्यामुळे फार नुकसान होते. माझ्या स्वतःच्या बीएसएच्या वेळी अशाच एका पुस्तकावरून मी ५/१६ इंचाचे नट बीएसएफ या बारीक आट्यांच्या ब्रिटिश मापात, म्हणजे इंचाला २२ आट्यांचे, करून घेतले होते. पहिला नट दीड फेरा छान गेला, मग जड झाला. मी पान्याला जोर दिला आणि स्टडवरून चकचकीत तारेसारखा कीस निघाला. तो स्टड सायकल थ्रेडचा, इंचाला २६ आट्यांचा होता. एकाच स्टडचे ॲल्युमिनियममध्ये बसणारे टोक जाड आट्यांचे आणि नटाचे टोक बारीक आट्यांचे असू शकते, हे त्या पुस्तकात कुठेच नव्हते.

पाव इंचाचा बोल्ट तर जास्तच फसवतो, कारण तिथे बीएसएफ आणि सायकल थ्रेड दोन्ही २६ आट्यांचे आहेत. फरक फक्त कोनाचा, एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. आट्यांचे गेज लावून, उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय तो कळत नाही. पान्यांचेही तसेच. पाव व्हिटवर्थच्या पान्याचे तोंड सुमारे १३.३ मिलिमीटर असते. १३ चा पाना चढत नाही, १४ चा ढिला बसून नटाचे कोपरे गोल करतो. काढलेला प्रत्येक नट त्याच्याच बोल्टवर परत चढवून, डबीत जागेचे नाव लिहून ठेवा. माझ्या मते तेच आपले सर्वांत विश्वासू पुस्तक आहे.

कोपरखैरणे_४३

क्रमांकांविषयी बाबांना निश्चिंत राहायला सांगावे. त्या काळात बीएसएच्या कारखान्यात इंजिन आणि सांगाडे यांचे क्रमांक स्वतंत्र मालिकांतून पडत, त्यामुळे ते न जुळणे हीच मूळ स्थिती आहे. ते वाक्य दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या गाड्यांना लागू असेल, बी३१ ला नाही. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनमधील व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयात बीएसएच्या रवानगीच्या नोंदी आहेत. शुल्क भरून तिथून तारीख मागवता येते.

हे कागद पुढे उपयोगी पडतील. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेले आणि मूळ स्वरूपात जपलेले वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्यात सांगाडा किंवा इंजिनात मोठे फेरबदल चालत नाहीत. ठाणे आरटीओत जाण्यापूर्वी आरसीवरील दोन्ही क्रमांक धातूवर ठोकलेल्या क्रमांकांशी अक्षर-अक्षर ताडून बघा. ते ठोकलेले आकडे घासू नका, त्यांवर पुट्टी भरू नका.

पाचपाखाडीची_बीएसए

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. त्याच संध्याकाळी वागळे इस्टेटला जाऊन टाकी परत आणली. डाव्या गुडघ्याच्या रबराखाली, लाल आणि काळ्या रंगांच्या थरांच्या तळाशी, थेट पत्र्यावर चंदेरी रंग लागलेला आहे. मधे क्रोम किंवा निकेलचा मागमूस नाही. बाबांनी डायनॅमो रॉकेलने पुसला तेव्हा ‘३ ५२’ असे आकडे उमटले. टाकी आता क्रोमला जाणार नाही. आरसीवरील दोन्ही क्रमांक ठोकलेल्या क्रमांकांशी जुळले आणि रवानगीच्या तारखेसाठी बाबांनी क्लबला ईमेल पाठवला आहे. वागळे_लेथ दादा, गेज घेऊन एका रविवारी आपल्याकडे आलो तर चालेल का? डबे भरून नट-बोल्ट आहेत आणि बाबांनी प्रत्येक डब्यावर जागेचे नाव लिहायला घेतले आहे.