ओरिजिनल टीसी देण्याआधी

वर एका ताईंनी विचारलंय, मुलगी सीबीएसईतून बारावी झाली, नागपूर विद्यापीठात बी.एस्सी.ला कागद कोणते लागतील? मार्कशीट, टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) तर सगळ्यांनीच सांगून टाकलं. माझी भर एवढीच की बोर्ड राज्याचं नाही, म्हणून मायग्रेशन (बोर्ड बदलताना लागणारा दाखला) पण काढून ठेवा, डिजीलॉकरवर सापडतं. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेयर दाखल्यावरची तारीख आजच बघा. मुदत ३१ मार्चला संपते, अन् जूनच्या उकाड्यात दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहणं म्हणजे, जाऊ द्या.

आता खरी गोम नावांची. माझ्या पोराच्या टीसीवर आईचं नाव 'सुनंदा', मार्कशीटवर 'सुनंदाबाई'. खिडकीतल्या मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेनाचं टोपण त्या 'बाई'वर टेकवलं अन् म्हणाल्या, "अ‍ॅफिडेव्हिट आणा." दोन अक्षरांपायी अख्खा दिवस गेला बाप्पा!

आणि ओरिजिनल टीसी घाईने देऊ नका. एकदा जमा झाली की दुसऱ्या यादीत मनासारखं कॉलेज लागलं तरी आधीचा प्रवेश रद्द केल्याशिवाय हाती येत नाही. त्याआधी चार-पाच झेरॉक्स तरी मारून ठेवा. विद्यापीठाच्या नोंदणीची प्रिंटही सोबत असू द्या, मोबाइलवर दाखवून भागत नाही.