सायन्स फिक्शन कानानं ऐकावं की डोळ्यांनी बघावं?

धरमपेठकर: काल रात्री लाइट गेली तर गच्चीवर हेडफोन लावून ऑर्सन वेल्सचं ३० ऑक्टोबर १९३८ चं मंगळवाल्यांच्या स्वारीचं रेडिओ नाटक पूर्ण ऐकलं, एच. जी. वेल्सच्या १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' कादंबरीवरचं. राजेहो, अंगावर काटा आला! आधी नुसतं डान्सचं म्युझिक, मधेच बातमी, परत म्युझिक, परत बातमी, अन् मग तो रिपोर्टर शेतातून ओरडून ओरडून सांगून राहिला आणि आवाज एकदम बंद. काही सेकंद काहीच नाही! माझं स्पष्ट मत, असली गोष्ट कानानंच ऐकावी, व्हीएफएक्समध्ये हे येऊच शकत नाही.

महालवाला: नाही पटलं भाऊ. मीही ऐकलंय. पहिली चाळीसेक मिनिटं जबरदस्त, पण ब्रेकनंतर काय? तो प्रोफेसर उजाड गावातून एकटाच फिरते अन् बोलत राहते, मला झोप लागली. नुसत्या आवाजाची हीच अडचण आहे, जे दिसायला पाहिजे ते पात्रांना तोंडानं सांगावं लागते, 'अरे बापरे, तो बघ काहीतरी बाहेर येऊन राहिलं'. खरंखुरं कोणी असं बोलते का?

धरमपेठकर: रिपोर्टर बोलते ना! म्हणूनच तर नाटक बातम्यांसारखं केलं. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग नावाचं वायूनं भरलेलं मोठं हवाई जहाज जळालं तेव्हा एका रेडिओवाल्यानं रडत रडत वर्णन केलं होतं, रिपोर्टर झालेल्या नटानं ते रेकॉर्डिंग मुद्दाम ऐकून तयारी केली. अन् बीबीसीवर मार्च १९७८ ला आलेलं डग्लस अ‍ॅडम्सचं 'द हिचहायकर्स गाईड टू द गॅलेक्सी' हे विनोदी रेडिओ नाटक बघ, पुस्तक नंतर १९७९ ला आलं. तिथं निवेदक म्हणजे गोष्टीतलं ते गाईडबुकच, मग सगळं समजावून सांगणं खटकत नाही.

बर्डीची_वाचक: दादा, मला तर त्या १९३८ वाल्यात सगळ्यात जास्त तो शेतकरी आवडला, ज्याच्या शेतात मंगळवाल्यांचं ते यान पडते. रिपोर्टरला घाई झालेली, अन् हा आपल्या चालीनं सावकाश सांगते, रिपोर्टर म्हणते जरा जोरात बोला. आपल्या हिंगण्याकडचा एखादा काका अगदी असाच बोलला असता! इफेक्ट राहू द्या, माणूस खरा वाटला की पुढचं सगळं खरं वाटते. आपल्याकडच्या नभोनाट्यात मात्र सगळी पात्रं स्टेजवर उभी असल्यासारखी छापील बोलतात, त्याचं मला खरंच वाईट वाटते. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे, मी आकाशवाणी चौकातून रोज जाते अन् रोज वाटते की असं एक वऱ्हाडीत व्हायला पाहिजे, नागपूरच्या गोरेवाड्याच्या जंगलात काहीतरी पडलं अशी बातमी भावगीत तोडून यावी.

महालवाला: ताई, हे मात्र ऐकीन मी. ते शेतकऱ्याचं लक्षातच नव्हतं, परत ऐकतो. पण अंतराळातली लढाई मला पडद्यावरच पाहिजे, कोणतं यान कुठून आलं हे नुसत्या धडामधुडूमवरून कळतच नाही. अन् गोरेवाड्याचं केलंच तर चाळीस मिनिटांत संपवा, तो एकटा फिरणारा प्रोफेसर नको.

धरमपेठकर: लढाईचं मान्य. प्रोफेसरचं नाही. एवढ्या गडबडीनंतर एकच आवाज उरते, तिथंच तर मला सगळ्यात जास्त भीती वाटली.