पीजींना बायोस्टॅट (वैद्यकीय संख्याशास्त्र) शिकवायचं कुठून सुरू करू?

पीएसएमवाली: नमस्कार मंडळी, मी कम्युनिटी मेडिसिनला आहे, यंदा फर्स्ट इयर पीजींचे (एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांचे) रिसर्च मेथडॉलॉजीचे क्लास माझ्याकडे आलेत. एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यक आयोगाने) कंपल्सरी केलेला बीसीबीआर हा संशोधनाचा बेसिक कोर्स, तो चेन्नईच्या एनआयई या साथरोग संस्थेचा, सगळे करतात आणि पासही होतात, पण सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लिहायला बसले की गाडी अडते. परवा गरोदर बायकांच्या ॲनिमियावर थिसिस करणाऱ्या मुलीला विचारलं, सॅम्पल साइज काढताना पी (ॲनिमिया किती टक्के असेल तो अंदाज) ५२ टक्के कुठून आणलास, तर म्हणे सिनियरच्या थिसिसमधून. आणि डी (अंदाजात किती टक्के चूक चालेल ते) ५ का? तर सगळे ५च घेतात. पुढे डेटा बाहेर कुणाला तरी पैसे देऊन ॲनालिसिसला जातो. मला हे मनापासून नकोय. आठवड्याला एकच तास मिळतो, काय करू?

आकडेमोड: मॅडम, तोच फॉर्म्युला घ्या, चार पीक्यू भागिले डीचा वर्ग (क्यू म्हणजे १०० वजा पी). ५२ हा एनएफएचएस-५ (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) चा देशाचा आकडा आहे (५२.२), हे आधी त्यांनाच रिपोर्ट उघडून शोधू दे. मग डी बदलायला लावा. ५ ला ४०० बायका लागतात, १० केला तर १००च, ३ केला की एकदम १११०. आता विचारा, तुमच्या एएनसी (गरोदर बायकांच्या तपासणीच्या) ओपीडीत महिन्याला नवीन बायका किती येतात आणि तुमच्याकडे महिने किती? डी म्हणजे काय ते तिथे कळतं, फळ्यावर व्याख्या लिहून नाही कळत.

जेआर_टू: मी सध्या यातूनच जातोय म्हणून लिहितो. माझ्या एक्सेलमध्ये वयाच्या कॉलममध्ये कुठे २५, कुठे '२५ वर्षे', कुठे जन्मतारीख, ते साफ करण्यात तीन आठवडे गेले. त्यात ज्यांच्याकडे ॲनालिसिस दिलं त्यांनी त्याच पेशंटच्या आधी-नंतरच्या हो/नाही उत्तरांना साधी काय-स्क्वेअर टेस्ट लावली, ती वेगवेगळ्या गटांसाठी असते, तिथे जोडीच्या उत्तरांची मॅकनेमार टेस्ट लागते हे मला गाइडने दाखवल्यावर कळलं. पेशंट घ्यायच्या आधी दहा फॉर्म भरून स्वतः एंट्री करायला लावा आणि निकालाचे रिकामे टेबल काढून घ्या. टेबल काढता आलं नाही तर तो प्रश्न फॉर्ममध्ये कशाला हवा, हे तेव्हाच समजतं.

गावफेरी: माझा अनुभव सांगते. पहिल्याच तासाला आकडेबिकडे काही नको, सगळ्यांना एकमेकांचं बीपी घ्यायला लावते. मशीनच्या खुणा दोन-दोनच्या, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६, ८ साधारण सारखेच यायला हवेत ना? फळ्यावर लिहायला लागलं की शून्यांची रांगच लागते. मग विचारायचं, कटऑफ १४०, आणि १३८ वाल्याला तुम्ही १४० लिहिलंत, तर गावात हायपरटेन्शन किती निघेल? पोरं एकदम गप्प होतात. मोजतानाच चूक झाली तर नंतर कुठलीच टेस्ट ती दुरुस्त करत नाही, हे एकदा हातून घडलं की विसरत नाहीत.

पीएसएमवाली: गावफेरी ताई, सोमवारीच करते! पण आमच्याकडे आता सगळी डिजिटल मशीन्स आहेत, त्यावर हे दिसेल का?

गावफेरी: नाही गं, तिथे आकडा मशीनच देतं. स्टेथोस्कोपवाली ॲनेरॉइड (काटा-डायलची बीपी मशीन) मागव, एक-दोन पुरतात. रीडिंग प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं, शेजाऱ्याचं बघून नाही.