टोकन स्ट्रीममध्ये बदल करताना आतला बदल गायब होतो, कमेंटही जातात

राजेंद्रनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. मी इंदूरला एका सहकारी पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळते. ओरॅकल सोडून पोस्टग्रेसवर जायचं ठरलंय आणि साडेतीनशेच्या आसपास एसक्यूएल फाइली माझ्या वाट्याला आल्यात. हाताने बदलत बसले तर वर्ष जाईल, म्हणून अँटलर ४ (ग्रामरवरून पार्सर बनवून देणारं साधन) घेऊन जावात एक छोटं साधन लिहिलं. ग्रामर माझंच आहे, लागेल तेवढ्यापुरतं. पार्सर चालतो, मजकुराच्या रचनेचा ट्री नीट बनतो. घोडं अडलंय ते बदललेला मजकूर परत लिहिताना.

नुसतं 'शोधा आणि बदला' का नको, ते आधी सांगते. या फाइली ज्या काकांनी लिहिल्या ते रामबागेत राहायचे. आता ते नाहीत. संस्थेत दुसरं कुठलंही दस्तऐवजीकरण नाही, जे आहे ते त्यांनी मराठीत लिहून ठेवलेल्या कमेंटांमध्ये. एक देते:

-- इथे राउंड करू नये. पैशांचा फरक मार्चअखेर खतावणीत निघतो, मग रात्र जाते.

आणि दुसरी:

-- एनव्हीएल काढू नका, जुन्या खात्यांना शाखा क्रमांकच नाही.

दुसरीत एनव्हीएल हे फंक्शनचं नाव आलंय बघा, नलच्या (नसलेल्या किमतीच्या) जागी दुसरी किंमत देणारं. शोधा-बदला केलं तर काकांचं वाक्यही बदलेल. मला त्यांचा एक शब्दही हलवायचा नाही. जिथे बदल करायचा नाही तिथली रिकामी जागासुद्धा जशीच्या तशी राहायला हवी, म्हणजे डिफमध्ये (जुन्या-नव्या फाइलींतला फरक) फक्त खरे बदल दिसतील आणि हिशेबनिसांना ते दाखवता येतील.

अडचण अशी. मूळ मजकूर:

डीकोड(स्थिती, १, डीकोड(प्रकार, 'मु', 'मुदत ठेव', 'बचत'), -- मुदतीचे व्याज वेगळे
२, 'बंद', 'तपासा')

डीकोड हे ओरॅकलचं 'ही किंमत असेल तर हे उत्तर' असं फंक्शन. त्याचं मला केस-व्हेन करायचंय. लिसनरच्या एक्झिट मेथडमध्ये (ट्रीतला तुकडा संपताना चालते ती) प्रत्येक तुकड्याचा गेटटेक्स्ट घेऊन नवा मजकूर जुळवते आणि अँटलरच्या टोकनस्ट्रीमरीरायटरला सांगते की पहिल्या टोकनपासून शेवटच्यापर्यंत रिप्लेस कर. बाहेरचा डीकोड बदलतो, आतला तसाच राहतो. एररही येत नाही. कमेंट जाते आणि 'इज नल'मधली जागा जाऊन दोन्ही शब्द चिकटतात. तेच काम एंटर मेथडमध्ये (तुकडा सुरू होताना चालते ती) केलं तर रीरायटर सरळ एक्सेप्शन फेकतो, बदलांच्या सीमा एकमेकींवर येतात म्हणून. त्यात दोन फाइलींचा शेवटचा भाग आउटपुटमध्ये येतच नाही.

व्हाइटस्पेस आणि कमेंट दोन्ही लेक्सरमध्ये (मजकुराची टोकनं, म्हणजे सुटे तुकडे, करणारा भाग) स्किप केलेत. तीन रात्री गेल्या यात. कोणी सांगेल का, चुकतंय कुठे?

मांडवी_बडोदे

ताई, तुम्हाला दिसताहेत त्या चार गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत.

स्किप केलेलं टोकन स्ट्रीमपर्यंत पोचतच नाही, लेक्सर ते तिथेच टाकून देतो. मग रीरायटर ते परत आणणार कुठून? व्हाइटस्पेस आणि कमेंट दोन्ही हिडन चॅनलवर पाठवा. पार्सरला ती दिसत नाहीत, पण कॉमनटोकनस्ट्रीम त्यांना आपल्या जागी, आपल्या क्रमांकाने धरून ठेवतो.

शब्द चिकटतात ते ट्रीच्या गेटटेक्स्टमुळे. ट्रीमध्ये फक्त पार्सरने पाहिलेली टोकनं असतात, त्यामुळे हिडन चॅनल केल्यावरही ते चिकटतीलच. मजकूर नेहमी टोकन स्ट्रीमकडून किंवा रीरायटरकडून मागा, ट्रीकडून नको.

फाइल अर्धी येते याचं कारण बहुधा एवढंच की तुमच्या सुरुवातीच्या नियमाच्या शेवटी ईओएफ (फाइल संपल्याची खूण) नाही. पार्सर जिथे समाधानी झाला तिथे थांबला आणि पुढची टोकनं स्ट्रीममध्ये ओढलीच गेली नाहीत. रीरायटर आलेल्या टोकनांपुरतंच लिहितो.

आता मुख्य. रीरायटर टोकनांना हात लावत नाही. प्रूफ तपासणारा जसा समासात खुणा करतो तशा तो सूचना लिहून ठेवतो आणि गेटटेक्स्ट म्हटल्यावर त्या एकदम लागू करतो. (अँटलर ३ मध्ये हे काम टोकनरीराइटस्ट्रीम नावाचा स्ट्रीमच करायचा, जुनी उत्तरं वाचाल तर तेच नाव दिसेल.) दोन रिप्लेस एकमेकींत आल्या तर त्याचे नियम ठरलेले आहेत. आधी लहान भागाची सूचना आणि मग तो भाग पोटात घेणारी मोठी आली, तर लहान सूचना गुपचूप रद्द होते. एक्झिटमध्ये आतला डीकोड आधी येतो, म्हणून तुमचं आतलं काम पुसलं जातं. आधी मोठी आणि मग तिच्या पोटातली लहान आली तर एक्सेप्शन. एंटरमध्ये हेच घडतं. अर्धवट एकमेकांवर आलेल्या रिप्लेसही एक्सेप्शनच देतात. नुसत्या डिलीट मात्र एकमेकांवर आल्या तर तो त्या एकत्र करतो.

म्हणून सगळा तुकडा रिप्लेस करूच नका. हवी तेवढीच टोकनं बदला. 'डीकोड' टोकनच्या जागी 'केस', उघडणाऱ्या कंसाच्या जागी एक स्पेस, बंद कंसाच्या जागी 'एंड'. आणि स्वल्पविराम: पहिला, तिसरा, पाचवा 'व्हेन', दुसरा, चौथा 'देन'. स्वल्पविरामांची संख्या विषम असेल तर शेवटचा 'एल्स'. स्वल्पविरामाला लेक्सरमध्ये नाव दिलं असेल तर कॉन्टेक्स्टकडून (ट्रीतल्या त्या डीकोडच्या नोडकडून) फक्त त्याच डीकोडचे स्वल्पविराम मिळतात, आतल्याचे येत नाहीत. नव्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना स्पेस द्या, नाहीतर जिथे मूळ मजकुरात स्पेस नाही तिथे 'व्हेन१' होईल.

प्रत्येक टोकन एकाच डीकोडचं असतं, त्यामुळे सूचना एकमेकींवर येण्याचा प्रश्नच उरत नाही. एंटरमध्ये करा की एक्झिटमध्ये, सारखंच. तुमच्या उदाहरणात कमेंट 'व्हेन' आणि '२' यांच्या मधे जाईल. दिसायला थोडं विचित्र, पण चालतं.

लष्कर_ग्वाल्हेर

बडोदेकरांचं पटलं. पुरवणी म्हणून दोन गोष्टी.

जिथे आर्ग्युमेंटांची अदलाबदलच करायची आहे तिथे सुटी टोकनं बदलून भागत नाही. तिथे एक्झिटमध्येच राहा आणि प्रत्येक आर्ग्युमेंटचा सोर्स इंटरव्हल (कुठल्या टोकनपासून कुठल्यापर्यंत) देऊन रीरायटरकडून गेटटेक्स्ट घ्या. त्यात आतले बदल लागू होऊन आलेले असतात. मग बाहेरचा तुकडा त्या मजकुराने रिप्लेस करा. आतल्या सूचना रद्द झाल्या तरी बिघडत नाही, त्यांचं फळ हातात आलंय. फक्त दर वेळी तो सगळ्या सूचना पुन्हा तपासतो, म्हणून मोठ्या फाइलीत हे सर्रास करू नका.

दुसरी गोष्ट पार्सरची नाही, पण पैशांची आहे म्हणून सांगतो. ओरॅकलचा डीकोड नलला नलच्या बरोबर धरतो. 'केस क्ष व्हेन नल' कधीच जुळत नाही. मजकूर सुंदर बदलेल, क्वेरीही चालेल आणि उत्तर चुकेल. सरळ 'नल' लिहिलेले डीकोड वेगळे काढा आणि तिथे 'व्हेन क्ष इज नल' असं लिहा. तुलनेत कॉलम असेल तर पोस्टग्रेसमध्ये 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' आहे.

राजेंद्रनगर_इंदूर

दादा, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच बसले. हिडन चॅनल, ईओएफ, सुटी टोकनं, सगळं केलं. एनव्हीएलच्या जागी पोस्टग्रेसचं कोअलेस घालणं तर एका टोकनाचं काम निघालं. डिफ उघडला तर खरंच फक्त बदललेल्या ओळी! नलवाले डीकोड अकरा सापडले. त्यातला एक थेट थकबाकीच्या यादीत होता. ते सगळे हातानेच करते आहे.

पण आता नवीनच. २००४ च्या आधीच्या फाइलींत काकांनी कमेंट जुन्या आठ बिटांच्या मराठी फॉन्टमध्ये लिहिल्यात. माझ्या एडिटरमध्ये त्या अगम्य दिसतात याची सवय होती. पण साधनातून बाहेर आलेल्या फाइलींत त्यांच्या जागी काळे चौकोन आणि त्यात प्रश्नचिन्हं आहेत. संस्थेतल्या जुन्या मशीनवर तो फॉन्ट आहे. तिथे उघडलं तरी तेच. म्हणजे मजकूर खरोखरच गेलाय. मूळ प्रती आहेत, पण घाम फुटला.

मांडवी_बडोदे

मूळ प्रती आहेत ना, मग काळजी नको. कॅरेक्टर सेट सांगितला नाही तर अँटलरचा कॅरस्ट्रीम्स (फाइल वाचणारा भाग) फाइल यूटीएफ-८ समजून वाचतो आणि जो बाइट त्यात बसत नाही त्याच्या जागी बदली चिन्ह घालतो. ते एकदा घातलं की मागे फिरता येत नाही. फाइल उघडताना आयएसओ ८८५९-१ द्या आणि लिहितानाही तोच. त्यात प्रत्येक बाइटला एक अक्षर आहे, त्यामुळे जे आत गेलं तेच बाहेर येतं. युनिकोडमधल्या नव्या फाइलीही याच वाटेने सुखरूप जातील. तुम्ही घालता ते शब्द साध्या इंग्रजी अक्षरांतले आहेत म्हणून हे चालतं.

एकच जपा: काही जुन्या फॉन्टांत साध्या अवतरणचिन्हाच्या जागीही अक्षर असतं. तो मजकूर कमेंटमध्ये असेल तर हरकत नाही, पण अवतरणांच्या आत असेल तर लेक्सर गडबडेल.

राजेंद्रनगर_इंदूर

झालं. पहिल्यांदा एकही बदल न सांगता सगळ्या फाइली आत घातल्या आणि बाहेर आलेल्या मूळ फाइलींशी बाइटगणिक ताडून पाहिल्या. सगळ्या जुळल्या. मग बदल चालू केले. जुन्या फॉन्टचा मजकूर सगळा कमेंटांतच होता, अवतरणांत एकही नाही.

आज दुपारी त्या जुन्या मशीनवर बदललेली एक फाइल उघडली. व्याज आकारणीची. वरच्या ओळीत 'केस' आलंय आणि त्याखाली काकांची ओळ जशीच्या तशी आहे:

-- हा दर संचालकांनी तोंडी सांगितला, ठराव पुढच्या सभेत. ठराव आला की ही ओळ काढणे.

ठरावाचं बाड काढायला शिपायाला सांगितलंय. तोवर ओळ राहू देते.