मदत हवी आहे : कोब्याला घरच्या घरी रंग चढवायचाय

मंडळी, मागच्या खोलीतलं जुनं लिनोलियम उपटलं आणि खाली चक्क बरा कोबा निघाला. टाइल्सचा खर्च झेपणारा नाही, म्हणून काँक्रीट स्टेन करायचा विचार आहे. पेंट नको, तो पापुद्र्यासारखा सुटतो. रंग आत मुरलेला हवा.

अॅसिड स्टेन काँक्रीटमधल्या चुन्याशी रासायनिक क्रिया करतो, म्हणून तो पक्का बसतो, एवढं कळलंय. पण बंद खोलीत अॅसिड म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यापेक्षा हिराकस (फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार) पाण्यात विरघळवून मारलं तर तांबूस-तपकिरी गंजाची छटा येते आणि ते स्वस्तही पडतं. कपाटाखालच्या वीतभर जागेत करून पाहिलं. ओलं असताना फिकट हिरवट, दुसऱ्या दिवशी सकाळी मस्त गंजासारखं! (बोटंही रंगली, हातमोजे घालायचे विसरले होते.)

आता खरी अडचण. रंग सगळीकडे मुरेल का हे कळावं म्हणून पाण्याचे थेंब टाकून बघितले. खिडकीकडे मिनिटभरात मुरतात, दाराजवळ मात्र तसेच मोत्यासारखे बसून राहतात. तिथे लिनोलियमचा जुना गोंद काळपट डागांनी चिकटलाय. पत्र्याने खरवडला, गरम पाणी ओतलं, तरी चिवट आहे. ग्राइंडर भाड्याने न आणता तो निघेल का? की तेवढा भाग मुद्दाम गडद ठेवून वेळ मारून न्यावी?

शिवाय वरून सीलर (रंगावरचा संरक्षक थर) कोणता लावू, पाण्यात मिसळणारा की सॉल्व्हंटवाला? ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा.